मागच्या सीटखाली

गाडी मी चालवते, हे पडदा बघतात.
एकलहऱ्याच्या कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं
काट्यांवर नजर ठेवून बसलेला माणूस,
त्याला रस्ता दाखवून काय उपयोग.

डॅशबोर्डवर चिमुकलं इंजिन, एक बॅटरी, चार चाकं,
मधून बाण धावतात, नारिंगी जाणारे, हिरवे येणारे.
"इंजिन झोपलं," द्वारका सर्कलला हे सांगतात,
"आता नुसत्या बॅटरीवर आहोत,"
आणि आवाज खाली आणतात,
जणू कुणी जागं होईल.

कसारा उतरताना तर विचारू नका.
ब्रेकवर माझा पाय, ह्यांची मोजणी सुरू:
पाच काड्या, सहा, सात,
"फुकट! अख्खा घाट फुकट!"
येताना चढावर त्याच काड्या एकेक विझल्या
की खिडकीबाहेर बघत बसतात.

बाराव्या वर्षी लाल त्रिकोण लागला,
पाथर्डी फाट्याजवळ, भर दुपारी.
काड्या आठवरून दोनवर, दोनवरून परत आठवर,
ताप चढावा-उतरावा तशा.
हे म्हणाले, "मीटर खोटं बोलत नाही.
बोलायला लागलं, तर आत काहीतरी मेलंय."

शोरूममधल्या मुलीने आधी पाणी दिलं, मग कागद.
तीन लाख बारा हजार. मजुरी वेगळी.
आहे तशी विकली तर किती येतील, मी विचारलं;
तो आकडा तिने तोंडीच सांगितला,
लिहायची तिलाच लाज वाटली.
"आठ वर्षांची वॉरंटी होती, मॅडम."
होती.
आमचीही असेल कधीतरी.

अंबडला, पत्र्याच्या शेडमध्ये, तौसिफ मणियार.
पंचविशीच्या आतला, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे.
मागची सीट उचलून त्याने भिंतीला टेकवली.
खाली राखाडी पेटी, आत चौतीस ठोकळे,
भट्टीवर विटा रचाव्यात तसे.
एकेकाला मीटर लावत गेला
आणि हे वाकून बघत राहिले, गुडघे विसरून.
"सातवा गेलाय, काका. अकरावा, बारावा पण.
बाकीचे चांगलेत. पण ओळीत जोडलेत ना,
एक बसला की सगळे बसतात."
"सिरीजमध्ये," हे म्हणाले.
"हां, सिरीजमध्ये."
दोघं एकाच शाळेतले निघाल्यासारखे हसले.

मग त्याने पंखा उघडला.
बॅटरीला हवा देणारा, मुठीएवढा.
बारा वर्षांत तो तिथे आहे हेच मला माहीत नव्हतं.
जाळीवर मळकट पांढरा गोळा,
चिमट्याने ओढला तर निघतच राहिला.
"कुत्रा आहे का घरी?"

होता. साबू.
जाऊन चार वर्षं झाली.
त्याच सीटवर, डाव्या कोपऱ्यात,
जाळीला पाठ लावून झोपायचा.
बारीक वारा लागायचा तिथे.
आम्ही म्हणायचो, लबाडाने बरोबर जागा शोधलीय.

"हवाच मिळाली नाही," तौसिफ म्हणाला,
"उकडून गेलेत तिघं."
नुसतं कारण सांगत होता. दुसरं काही नाही.

कुठल्यातरी ठोकलेल्या गाडीतले तीन ठोकळे,
अडतीस हजार, सहा महिन्यांची हमी, तोंडी.
"पुढे दुसरा कुठला तरी बसेल," हेही त्यानेच सांगितलं.
"जुन्यात वेगळा मिसळला की असंच."

परत येताना गरवारे पॉइंटला सिग्नल लाल.
इंजिन झोपलं. आठ काड्या.
ह्यांनी पडद्याकडे बघितलं नाही.
शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी,
बिलाच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी फुगलं होतं.
मी विचारलं नाही.

मागची सीट डावीकडून नीट बसली नव्हती,
खड्डा आला की टकटक वाजायची.
"उद्या परत जाऊन बसवून घेऊ," मी म्हणाले.
"राहू दे," हे म्हणाले.